ब्रेक ऑइल जातंय कुठं?

दिवे घाट उतरताना एका वळणावर आमच्या टेम्पोच्या ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खूपच खाली गेलं. मागे सीताफळांचे पन्नासेक क्रेट, वर पावसाची भुरभुर, पुढे उसाची ट्रॉली. दोनदा पंप मारला तेव्हा कुठे गाडी अडली. मग दुसऱ्या गिअरवर, एक हात हँडब्रेकवर ठेवून वडकी गाठली. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, तो ब्रेकचा लाल दिवा मघापासून चालू आहे." मघापासून!

खरं तर दोन महिने मला माहीत होतं. ब्रेक ऑइलची बाटली सीटखालीच असायची. टाकीतली पातळी उतरली की ओतायची. ब्रेकचे लायनर झिजले की पातळी थोडी उतरतेच, एवढ्या अर्ध्या ज्ञानावर माझं चाललं होतं. नुसत्या झिजण्याने दर आठवड्याला अर्धी वाटी मात्र उतरत नाही. आमच्या गाडीत पुढच्या चाकांचं आणि मागच्या चाकांचं ऑइल मास्टर सिलिंडरमध्येच, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य पंपातच, वेगळं होतं. मागचं संपलं, पुढचं राहिलं, म्हणून ट्रॉलीत घुसलो नाही.

माल दुसऱ्या टेम्पोत भरून मार्केट यार्डात पाठवला आणि आमची गाडी टोचन करून हडपसरला घरी आणली.

मागच्या डाव्या चाकाजवळ ओलं दिसत होतं, म्हणून मी व्हील सिलिंडरलाच, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या छोट्या पंपालाच, दोष देऊन बसलो. ब्रेकचा ड्रम उघडला तर आत कोरडंठाक. शेवटी चासीवरून जाणारा ब्रेकचा पाइप पाण्याने धुतला, जुन्या बनियनने पुसला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि भाच्याला पेडल दाबायला सांगितलं. पाट्याच्या (स्प्रिंगच्या) वर, जिथे पाइपला क्लिप होती, तिथून थेंब आला. क्लिपखाली वर्षानुवर्षांचा चिखल भिजत राहिला होता आणि पाइप बाहेरून आत कुजत गेला होता. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. गळायचं इथे आणि पाइपवरून ओघळत दिसायचं चाकापाशी.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा सल्ला, "सडका तुकडा कापू, रबरी पाइप घालू, दोन क्लिपा मारू." कारच्या टायरमध्ये हवा साधारण तीस पीएसआय असते, जोरात ब्रेक मारला की या पाइपात दाब हजाराच्या वर जातो. तिथे क्लिपा! एसीचा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, त्याचाही मोह झाला होता. पण तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि तडकतं. पाइप पूर्ण बदलायचा ठरवला.

जुना पाइप काढून नमुना म्हणून नाना पेठेत नेला. दुकानातल्या चाचांनी तो हातात फिरवला आणि पाइपाआधी नटच तपासला. "आटे बघा साहेब. दोन आटे बसले म्हणजे नट आपलाच, असं नसतं." त्यांनी दुसरा नट लावून दाखवला, खरंच दोन आट्यांवर अडकला. मी असतो तर पान्याने रेटला असता. पाइपच्या तोंडाचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेली कड, हाही दोन प्रकारचा असतो: एकात कडा आत दुमडून दुहेरी होते, दुसऱ्यात बुडबुड्यासारखी फुगते. चुकीचा लावला तर कितीही आवळा, गळतोच.

घरी पाव इंचापेक्षाही बारीक नवा स्टीलचा पाइप बाटलीभोवती हळूहळू वळवला. फ्लेअरचं हत्यार मित्राकडून आणलं होतं. पहिला फ्लेअर इतका सुबक आला की भाच्याला दाखवायला हाक मारली. तो म्हणाला, "मामा, नट?" नट टेबलावर होता. आधी नट ओवायचा, मग फ्लेअर मारायचा, हे जगातला प्रत्येक फिटर एकदातरी विसरत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तोंड कापलं.

मग पाइपात शिरलेली हवा काढणं. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलची नवी, सीलबंद बाटली आणली, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. सीटखालची अर्धवट बाटली टाकून दिली. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. "दाब... धर... सोड." तासभर हेच. चाकापासून बाटलीत सोडलेल्या नळीत धड ऑइलही येईना, पेडल स्पंजसारखंच. वैतागून चाचांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "जॅक कुठे लावलाय?"

चासीखाली. म्हणजे मागची चाकं लोंबकळत होती.

अशा गाड्यांत मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल जास्त असेल तर तो मागच्या चाकांना जास्त दाब जाऊ देतो, गाडी रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. चाकं लोंबकळली की त्याला वाटतं गाडी हलकीफुल्ल आहे, आणि तो वाट आवळतो. टेकू एक्सलखाली घेतले, गाडी आपल्या वजनावर बसवली. चौथ्या पंपाला नळीतून फुसफुस करत बुडबुडे आले. भाचा ओरडलाच.

इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल दाबून धरलं. खाली सरकलं नाही. सांडलेलं ऑइल भरपूर पाण्याने धुतलं, तरी मडगार्डचा एक चट्टा रंग गेलाच. रात्री पाइपाखाली पुन्हा वर्तमानपत्र अंथरलं.

सकाळी चहाआधी वाकून पाहिलं. पाइपाखाली कोरडं. पुढे, गिअरबॉक्सखाली मात्र रुपयाएवढा काळा डाग. बोट लावून हुंगलं: गिअर ऑइल. ते आता पुढच्या महिन्यात.