बुंदी आणि सात कोंबड्या (आता सहा)

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. घणसोली गावात आमचं जुनं घर, चहूबाजूंनी बिल्डिंगी उठल्यात पण मागे चार खाटा मावतील एवढं परस अजून शिल्लक आहे, आणि त्यात आजीच्या सात गावठी कोंबड्या. बुंदी म्हणजे माझी कुत्री, तिला मी रिक्षा स्टँडवरनं उचलून आणली, तेव्हा आठेक महिन्यांची असेल. घरात इतकी गुणी की पोळीचा डबा उघडा असला तरी तोंड लावायची नाही, म्हणून मागचं दार लोटायला मी विसरले आणि सगळं मिळून चार-पाच सेकंदांत तुरेवाली कोंबडी बुंदीच्या तोंडी गेली.

आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती उपाय सांगायला, म्हणे मेलेली कोंबडी गळ्यात बांधायची, कुत्र्याला आपोआप अक्कल येते. हा उपाय बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण कुत्र्याला गळ्यातली घाण आणि परवाची झडप याचा संबंध कसा लागणार हो? ती नुसती हैराण होणार, वर रोगराईची भीती.

बुंदीवर नीट नजर ठेवली तेव्हा कळलं की हा राग नाही आणि भूक तर नाहीच, तिला वेड लावते ती फडफड. कोंबडी शांतपणे दाणे टिपत असली की बुंदी नुसती बघत बसते, तीच कोंबडी पळाली की संपलं. आणि पाठलाग हेच तिचं बक्षीस, एकदा मजा आली की पुढच्या वेळी दुप्पट जोरात. म्हणून पहिला नियम, पाठलाग एकदाही होऊ द्यायचा नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, दहा फूट, पट्ट्याला बांधली, दुसरं टोक माझ्या हातात.

"सोड" हा शब्द आधी घरात शिकवला, मुठीत पोळीचा तुकडा धरून, कोंबड्या नजरेसमोरही नाहीत. तिने नाक मागे घेतलं की दुसऱ्या हातातनं खाऊ. मग कोंबड्या खुराड्यात, जाळीच्या आड, आणि आम्ही दोघी पार मोरीपाशी. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, तेही तिला तलावापर्यंत दमवून आणल्यावर. कोंबडीकडे बघून माझ्याकडे वळली की उकडलेली कलेजी. हो, कोंबडीचीच. आजी म्हणाली, "कोंबडी खायला घालून कोंबडी खाऊ नको शिकवतेस होय गं?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण अंतर मोजायला कलेजीसारखं माप नाही. तुकडा नाकाशी धरला तरी ती खात नसेल तर आपण फार जवळ आलोय, गप चार पावलं मागे जायचं. झडप घालायच्या आधी तिचं तोंड मिटतं, कान पुढे येतात, पुढचा एक पाय जमिनीवरनं किंचित उचलला जातो. हाक मारायची ती तेव्हाच. नंतर ओरडून काही उपयोग नाही, मी पहिला आठवडाभर ओरडत होते तर तिला वाटलं मीपण शिकारीत सामील आहे.

तिसऱ्या आठवड्यात जाळीपासून चार फुटांवर आडवी पडून राहायला लागली आणि मी खूश. नेमकी गटारी आली. शेजारी कोंबड्या धरायची पळापळ, तो आरडाओरडा, आणि आमची बाई दोरीला अशी हिसके द्यायला लागली की माझ्या तळहाताची सालं निघाली. परत मोरीपाशी.

दरम्यान एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. बुंदीने जाळीला नाक लावलं तर आतनं तिने अशी चोच हाणली की बुंदी थेट ॲक्टिव्हाच्या मागे. माझ्या दीड महिन्याच्या मेहनतीपेक्षा त्या एका टोचीचा परिणाम जास्त वाटतोय.

आता कोंबड्या परसात सोडते, बुंदी दोरीला, मी पायरीवर. आजीचं म्हणणं, शहाणी झालीये, रात्री मोकळी सोड, मुंगूस तरी फिरकणार नाही. मी नाही म्हटलं. खुराड्याला दुसरी कडी बसवून घेतलीये, मागच्या दाराला स्प्रिंग लावलीये, आणि आजी परत माझ्याशी बोलत नाहीये.