तुम्ही विचारलंत म्हणून: टाकलेले आणि ठेवलेले

लोकांनी रस्त्याच्या कडेला सोडून दिलेल्या वस्तूंचे फोटो मी गेली नऊ वर्षे काढते आहे, आणि ते पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी एकाच प्रश्नावर येतो: वस्तू इतकी आवडते, तर ती उचलून घरी का नेत नाही? गेल्या महिन्यात तुम्हीही तेच विचारलेत. तेव्हा उभ्या उभ्या दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पुण्याच्या पेठांतून सकाळी झाडलोट होण्याआधी चालत गेले, की एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांना आपण टाकलेल्या वस्तू म्हणतो, त्यांतल्या कितीतरी वस्तू खरे म्हणजे ठेवलेल्या असतात. टेबल पंखा भिंतीला टेकवून, त्याची वायर नीट गुंडाळून, वर पिनेलाही कागद बांधून कोणी ठेवून गेलेले असते. चपलांचा जोड पायरीवर शेजारी शेजारी असतो. वस्तू घरात नको झालेली असते, पण ती भिरकावून द्यायला हात धजत नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूला निरोप देण्याची ही जी रीत आहे, तिचाच मी फोटो काढते. वस्तू उचलून माझ्या फडताळात आणली तर फक्त पंखा उरेल, तो ठेवणारा हात त्यातून नाहीसा होईल.

ही रीत सगळ्यांत स्पष्ट दिसते ती पिंपळाच्या पारावर. तडा गेलेली देवाची तसबीर घरात ठेवायची नाही आणि कचऱ्यातही टाकायची नाही, असे आपल्याकडे मानतात. तिचे विसर्जन व्हायला हवे, पण नदीवर जायला सवड नसते आणि गेल्या काही वर्षांत नदीत काही सोडू नये हेही लोकांना पटू लागले आहे. मग ती झाडाच्या बुंध्याशी येते. नारायण पेठेतल्या एका पारावर मी एकदा अशा अकरा तसबिरी मोजल्या. त्यांतली एक बुंध्याकडे तोंड करून ठेवलेली होती. मागच्या बाजूला पुठ्ठ्याऐवजी बिस्किटांच्या खोक्याचा तुकडा कापून बसवला होता, चुका गंजून त्यांच्याभोवती तपकिरी वर्तुळे उमटली होती आणि टांगायच्या सुतळीला हात लागून लागून तेलकट चकाकी आली होती. पुढे कोणता देव होता हे मला आजही माहीत नाही. ती वळवून पाहणे सहज शक्य होते, पण ज्याने ती ठेवली त्याला देवाचे तोंड रस्त्याकडे नको होते, आणि त्याची ती इच्छा मला मोडायची नव्हती.

वस्तूला हात लावायचा नाही, हा माझा नियम. सुरुवातीच्या काळात मी तो पाळत नसे. पाडायला घेतलेल्या एका वाड्याच्या दिंडीदरवाजापाशी पाटा उभा करून ठेवला होता. मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला, टाकीचे घाव फक्त कडांना उरलेले. वरवंटा जरा लांब होता, तो मी पाट्याजवळ सरकवला आणि मग फोटो काढला. फोटो देखणा आला, अनेकांनी वाखाणला, पण तो मी आता कोणालाही दाखवत नाही, कारण त्यात वाड्यातल्या माणसांपेक्षा माझीच मांडामांड जास्त आहे.

नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात वेगळेच सामान बाहेर येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करायला राज्यभरातून मुले इथे येतात, कॉट भाड्याने घेऊन तीन-तीन, चार-चार वर्षे काढतात आणि एक दिवस खोली सोडतात. घडीची टेबले, गाद्या, झेरॉक्स नोट्सचे गठ्ठे, कधी भिंतीवरचे वेळापत्रकसुद्धा जिन्याखाली येऊन पडते. अशाच एका जिन्याखाली मला महाराष्ट्राचा नकाशा मिळाला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी होती आणि तिच्याबरोबर भिंतीच्या रंगाचे पोपडे निघून आले होते. नद्या निळ्या पेनाने गिरवलेल्या होत्या, आणि गोदावरी इतक्या वेळा गिरवली होती की नाशिकजवळ कागद फाटला होता. तो मुलगा किंवा मुलगी पास होऊन गेली की वयोमर्यादा संपली म्हणून गेली, हे नकाशावरून कळत नाही. मी त्या फाटलेल्या जागेचा जवळून फोटो घेतला. कागदावर नाव किंवा फोन नंबर असेल, तर मात्र तेवढा भाग मी फोटोत येऊ देत नाही.

अमेरिकेतले विख्यात छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटके गोळा करून स्टुडिओत आणवली आणि त्यांचे मोठे प्लॅटिनम प्रिंट, म्हणजे प्लॅटिनमच्या क्षारांनी कागदावर उमटवलेले फोटो, केले. 1975 मध्ये ते तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. त्या थोटकांवरच्या सुरकुत्या पुतळ्यांसारख्या भव्य दिसतात, आणि त्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण पेन यांनी वस्तूला रस्त्यापासून सोडवले, आणि मला तर रस्ताच हवा असतो.

आता उरलेले कारण सांगते, जे मला फार उशिरा कळले. एका पावसाळी सकाळी फुटपाथवर पत्र्याची एक ट्रंक उघडी दिसली. झाकणाच्या आतून जुन्या दिनदर्शिकेचे पान चिकटवलेले होते, तारखांच्या चौकोनांत दुधाचे हिशेब लिहिलेले होते. त्या आकड्यांवर उजेड यावा म्हणून मी बराच वेळ उकिडवी बसून राहिले. मागे पोते घेऊन एक मावशी उभ्या होत्या, हे मला त्या बोलल्या तेव्हाच समजले.

"झालं का ताई तुमचं? मला पुढची गल्ली गाठायचीय."

पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत असे आहे. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने 2008 मध्ये घरोघरचा कचरा उचलण्याचा करार महापालिकेशी केला. मी हे सगळे वाचले होते. तरीही माझ्यासमोरचा पत्रा म्हणजे कोणाची तरी त्या दिवसाची कमाई आहे आणि मी ती अडवून बसले आहे, हे तोपर्यंत माझ्या मनात आले नव्हते. मी माफी मागितली. मावशींनी झाकण दोनदा उघडून मिटून पाहिले.

"तळ गेलाय गंजून," त्या म्हणाल्या, "पण कडी-कोयंडा चांगलाय. हा निराळा काढीन."

वस्तू ठेवणाऱ्याने ती ज्या कोणासाठी ठेवलेली असते, ती व्यक्ती मी नव्हे. ती रोज ठरल्या वेळी त्या रस्त्याने येते. त्या दिवसापासून मी कोणी वेचायला आले की आधी बाजूला होते, फोटो निघाला असो वा नसो.

ट्रंक उचलल्यावर ओल्या फुटपाथवर तिच्या मापाचा कोरडा चौकोन राहिला होता. रात्रीच्या पावसाआधीच ती तिथे आलेली असणार. पुन्हा भुरभुर सुरू झाली आणि चौकोन कडेने भिजू लागला, तेव्हा मी त्याचा फोटो काढला.