शिवी नसलेले वाक्य

फौजदारी कामात रोज नजरेखालून जाणाऱ्या जबाबांमध्ये एक वाक्य ठरलेले असते: ‘त्याने शिवीगाळ करून दमदाटी केली.’ भांडण बांधाचे असो, गटारीच्या पाण्याचे असो की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे, जबाब लिहून घेणारा नेमके शब्द विचारण्याच्या फंदात सहसा पडत नाही, आणि अदखलपात्र नोंदीपुरते त्याचे काही अडतही नाही. समोरचा भडकून शांततेचा भंग करील अशा हेतूने त्याचा अपमान करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये आहे आणि शिक्षा पूर्वीइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत, आहे. तिथे चिथावणारा आरोपी असतो. मी ज्या खटल्याबद्दल लिहीत आहे त्यात मात्र चिथावणारा मयत झाला होता आणि चिथावला गेलेला माणूस, म्हणजे माझा अशील, खुनाच्या आरोपावरून, कलम ३०२ खाली, पिंजऱ्यात उभा होता.

खटला जुन्या संहितेच्या काळातला आहे. माणदेशाच्या बाजूचे गाव, दोन चुलत भावांच्या शेतांमधला सामाईक बांध आणि मोजणी होऊनही न मिटलेली कुरबुर. थोरला माझा अशील. त्याला गाव आप्पा म्हणे. घटनेच्या सकाळी तो फावड्याने बांधावर माती ओढत होता आणि धाकटा पलीकडे ट्रॅक्टरने नांगरट करीत होता. दोघांत काही बोलणे झाले, आप्पाने फावड्याचा एक घाव डोक्यात घातला आणि धाकटा जागीच गेला. आप्पा पळाला नाही. पोलीस आले तेव्हा तो तिथेच बसलेला होता.

घाव कोणी घातला हा वादच नव्हता. वाद होता तो जुन्या संहितेतल्या कलम ३०० च्या, म्हणजे खुनाच्या व्याख्येच्या, पहिल्या अपवादाचा. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याने जीव घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. मात्र असा प्रक्षोभ झाला हे दाखवण्याची जबाबदारी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे आरोपीवर येई. नुसत्या शब्दांनी असा प्रक्षोभ होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर आहुजा यांना गोळी घातल्याच्या खटल्यात, मिळालेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात शब्द आणि हावभावही काही परिस्थितीत पुरेसे ठरू शकतात हे मान्य केले, आणि मयताच्या आधीच्या वागण्यामुळे आरोपीच्या मनाची जी स्थिती झाली असेल तीही विचारात घेता येते असे सांगितले. खुद्द नानावटींना त्याचा लाभ झाला नाही, कारण दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघून, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेऊन ते आहुजांच्या घरी पोहोचेपर्यंत जवळजवळ तीन तास लोटले होते. आप्पाच्या बाबतीत असा अवधी गेलेला नव्हता आणि हत्यार आणायला तो कुठे गेलेलाही नव्हता; फावडे आधीपासून त्याच्या हातातच होते. कमी होते ते फक्त वाक्य. जबाबात होती ती नेहमीचीच ‘शिवीगाळ’, आणि बांधावरच्या शिवीगाळीला गंभीर प्रक्षोभ मानणारा न्यायाधीश निदान मला तरी भेटलेला नाही.

प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार एकच होती, शेजारच्या वावरात कांदा खुरपणारी साठीची बाई. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, तिने जबाबाबरहुकूम सांगितले की बोलाचाली झाली, मयताने शिव्या दिल्या आणि आप्पांनी फावडे मारले. उलटतपासात ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न विचारू नये, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेले असते. आप्पाने मला ते वाक्य सांगितले होते, तेही तुरुंगातल्या भेटीत, पुष्कळ आढेवेढे घेऊन. पण बाईला ते ऐकू गेले होते की नाही हे त्याला माहीत नव्हते. तरीही मी विचारले, “मावशी, शिव्या कुठल्या दिल्या?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “शिव्या न्हाई दिल्या, सायेब. ते पोलिसांनीच लिवलं.” सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, न्यायाधीशांनी त्यांना हातानेच बसायला सांगितले. “मग काय म्हणाला?” बाईने एकदा समोर बसलेल्या मयताच्या विधवेकडे पाहिले आणि सांगितले, “म्हनला, आप्पा, येवढा बांध राखताय, कुनासाठी वो?”

टंकलेखकाने हात थांबवून वर पाहिले. न्यायाधीशांनी वाक्य पुन्हा वदवून घेतले आणि मला विचारले, “वकीलसाहेब, यात प्रक्षोभ कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. कागदावर त्या वाक्यात एकही वावगा शब्द नव्हता, उलट ‘राखताय’ असे मानाचे बोलणे होते. मी बाईला आप्पाच्या मुलाबद्दल विचारले. एकुलता एक होता, तिने सांगितले. दिवाळीच्या आधी मोटारसायकलच्या अपघातात गेला. दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली होती, हीसुद्धा होती, आणि आप्पा डोक्याला हात लावून सारखा एकच म्हणत होता, “आता शेत करू कुनासाठी?” त्या वेळी त्याला धरून बसवणारा हा मयत चुलत भाऊच होता.

न्यायाधीशांनी हा सगळा भाग तिच्या शब्दांत, काहीही न गाळता उतरवून घेतला. सरकार पक्षाने फेरतपास घेतला; बाई हलली नाही.

युक्तिवादाच्या वेळी सरकारी वकिलांनी जो मुद्दा काढला तो मला आजही तोडीचा वाटतो. ते म्हणाले की हे वाक्य म्हणजे सांत्वन आहे. ज्याने दहाव्याला थोरल्याला सावरले तोच त्याला सांगतो आहे की आप्पा, आता हा हट्ट सोडा, कुणासाठी करता? ऐकणाऱ्याने वाकडा अर्थ घेतला तर त्याचा दोष मेलेल्या माणसावर कसा टाकता येईल? नुसत्या शब्दांवर याला उत्तर नव्हतेच. उत्तर होते घटनास्थळाच्या पंचनाम्यात, आणि ते पोलिसांनी कसलाही विचार न करता लिहून ठेवले होते: प्रेताच्या डाव्या हाताशी हद्दीचा दगड आडवा पडलेला, बुडाला ओली माती, ट्रॅक्टर बंद, नांगराचा फाळ बांधात हातभर शिरलेला. मी एवढेच म्हटले की समजूत घालायला आलेला माणूस ट्रॅक्टर बांधाच्या अलीकडे थांबवतो, हद्दीचा दगड उपटून मग बोलत नाही.

हे बोलताना मयताची पत्नी मागच्या बाकावर होती. “ते असलं बोलायचे नाहीत,” असे ती मोठ्याने म्हणाली, तेव्हा पट्टेवाल्याने तिला गप्प केले. माझे काम मी केले याबद्दल मला संकोच नाही; मात्र ज्याला आपली बाजू मांडता येत नाही अशा माणसाच्या एका वाक्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावून घेणे, हे या अपवादाखालच्या प्रत्येक बचावात करावेच लागते आणि ते सुखाचे नसते.

निकालात न्यायाधीशांनी कलम ३०२ चा आरोप काढून सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ च्या पहिल्या भागाखाली दोषी धरले. आप्पाचे स्वतःचेच विलापाचे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले गेले आणि तेही बांध मोडत असताना, त्यामुळे त्याच्या परिस्थितीतला कोणताही सामान्य शेतकरी भान हरपला असता, असे कारण त्यांनी दिले. शिक्षा सात वर्षे सक्तमजुरी, दंडाची रक्कम मयताच्या पत्नीला. बांधाचा दिवाणी दावा त्यानंतरही चालूच राहिला. मयताच्या जागी त्याची पत्नी आणि मुले वारस म्हणून दाखल झाली. आप्पाच्या बायकोने मलाच तो चालवण्याची गळ घातली होती, पण मी ते वकीलपत्र घेतले नाही.