परभणीहून मॉन्टपेलियेला, ज्वारीच्या परिषदेला: माझा अनुभव

मी परभणीत रब्बी ज्वारीच्या खडखड्या रोगावर, म्हणजे ज्यात ज्वारीचं ताट आतून पोकळ होऊन लोळतं त्यावर, पीएचडी करते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं आणि त्याच जूनमध्ये फ्रान्समधे मॉन्टपेलियेला जागतिक ज्वारी परिषद होती. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे कामाचा सारांश पाठवला, पोस्टर (आपलं काम मांडलेला मोठा तक्ता, त्याच्यापाशी उभं राहून समजवायचं) मंजूर झालं, लई आनंद झाला, पण दोनच दिवस, कारण मग खर्च मांडला. तिकीट, रजिस्ट्रेशन, राहणं धरून कित्येक महिन्यांची फेलोशिप जात होती. ट्रॅव्हल ग्रँटसाठी अर्ज केलेला, त्याचं उत्तर मी परत आल्यावर आलं, तेही नकाराचं. शेवटी दादांनी सोयाबीनच्या पट्टीतले पैसे काढून दिले. "माय, ज्वारी बघायला एवढ्या लांब जायलीस?" एवढंच म्हणले.

सगळ्यात जास्त दमवलं ते व्हिसानं. शेंगेनची, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी तेव्हा 80 युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा, कमीत कमी 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स, आणि बोटांचे ठसे द्यायचे तर आपणच जावं लागतं, म्हणजे देवगिरी एक्सप्रेसमधे बसून रात्रभर मुंबई. पहिल्या खेपेला काउंटरवर कळलं की बँक स्टेटमेंटवर शिक्का आहे पण सही नाही. रडू आलं खरंच. परत परभणी, परत बँक, सही करणारे साहेब दोन दिवस रजेवर, मग नवी अपॉइंटमेंट, परत देवगिरी. जायचं असेल तर घरून निघायच्या आधी स्टेटमेंटच्या पानापानावर शिक्का आणि सही दोन्ही बघून घ्या. या सगळ्यात थेसिसचे दोन महिने गेले ते गेलेच.

परिषद पाच दिवसांची. पहिले दोन दिवस मी नुसती ऐकत बसले, जीनोम, चारा, हायब्रिड, आणि त्यातलं निम्मं तरी रेकॉर्डिंगवर ऐकता आलं असतं असंच वाटत होतं. गाईड म्हणलेच होते की इक्रिसॅट, ही ज्वारीसारख्या कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, हैदराबादजवळ पटनचेरूला आहे, नांदेडहून एका रात्रीत पोचशील, आधी तिथं महिनाभर बसून ये. त्यांचं चूक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोस्टरपाशी उभी होते. पोस्टरवर ज्वारीच्या चिरलेल्या ताटाचा मोठा फोटो होता, आत काळी भुकटी धरलेली, ज्यानं ताट पोकळ होऊन लोळतं. कॅमेरूनचे एक संशोधक थांबले, त्यांची फ्रेंच, माझं इंग्रजी, दोघांचंही अडखळतच, मग त्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला. भेगाळलेली काळी जमीन, आमच्या मानवतकडची म्हणून खपली असती. त्यांच्याकडं उत्तर भागात मुस्कुवारी नावाची ज्वारी असते, पाऊस संपता संपता तिची रोपं लावतात, मिरची लावतो तशी, जाड दांड्यानं भोक पाडून त्यात पाणी ओतून, आणि पुढं ती जमिनीतल्या ओलीवरच येते. ज्वारीची रोपं लावायची! आपण तिफणीनं पेरतो. मी याबद्दल कुठंतरी ओळभर वाचलं होतं, पण रोप किती दिवसांचं घेता, मूळ मोडतं का, ताट लोळतं का, हे त्यांना दीड तास विचारत राहिले, जेवायचं पण राहिलं. हे ऑनलाईन झालं नसतं, कारण मला ते विचारायचंय हे मलाच माहीत नव्हतं.

माझ्या ज्युनियर्सना मी सांगते की पहिल्या वर्षी जाऊ नका, हातात स्वतःचा डेटा, स्वतःचा प्रश्न असला तरच लोक पोस्टरपाशी थांबतात आणि तेव्हाच एवढा पैसा न् त्रास वसूल होतो. ईमेलवर येणाऱ्या 'इंटरनॅशनल' परिषदांचं तर नावच नको, ज्यात पैसे भरले की कुठलाही पेपर मंजूर होतो आणि हातात फक्त सर्टिफिकेट येतं.

त्या ऑक्टोबरात दादांच्या रानात आठ ओळी रोपं लावून बघितल्या. पाऊस कमी झाला होता, ओल नव्हतीच, दादा रोज बांधावर येऊन बघायचे. रोपं जगली, कणसं बारीक आली. यंदा रोप आठ दिवस आधी टाकायचं, असं दादाच म्हणलेत.