सीटखालचा पाना

मोटारसायकल घडवणाऱ्यांच्या डोक्यातली एक गंमत मला अजून नीटशी उमगलेली नाही. बॅटरी आणि फ्यूज बहुतेक गाड्यांत सीटखाली असतात, आणि अनेकदा कंपनीने दिलेली हत्यारांची पिशवीही तिथेच कोंबलेली असते. सीट चावीने उघडत असेल तर प्रश्न नाही. पण ती दोन बोल्टांनी आवळलेली असेल तर पाना हाती येण्यासाठी आधी पाना हवा. शिवाय त्या पिशवीतला पाना इतक्या पातळ पत्र्याचा असतो, की बोल्ट हलण्याआधी पान्याचाच जबडा फाकतो.

बाजारात मिळणाऱ्या तयार पेट्यांनी हा प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. त्यांत सगळ्या गाड्यांचे सगळे काही असते, आणि ताम्हिणीच्या पावसात, अंधार पडायला लागल्यावर, हवा तो एक तुकडा शोधताना बाकीचे पंचवीस चिखलात सांडतात. हत्यारे जमवायची ती आपल्याच गाडीसमोर उकिडवे बसून, आणि तिला एकच गोष्ट विचारून: तुझी सीट काढायला कमीत कमी काय लागते?

माझ्या गाडीने दिलेले उत्तर जरा विचित्र होते. डाव्या बाजूचा बोल्ट साध्या षटकोनी डोक्याचा होता, तर उजवीकडचा मूळ बोल्ट कुठल्याशा सर्व्हिसिंगमध्ये गहाळ होऊन त्याच्या जागी एलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला बोल्ट, आला होता. दोन्ही सहा मिलिमीटर जाडीचे. सहाच्या बोल्टचे षटकोनी डोके दहा मिलिमीटर रुंद असते, म्हणून मिस्त्री ‘दहा नंबर’ मागतो. त्याच मापाच्या, उभट नळकांड्यासारख्या डोक्याच्या एलन बोल्टला मात्र पाचची चावी लागते. आठच्या बोल्टला जपानी वळणाच्या गाड्यांत बहुधा बारा नंबर चालतो आणि युरोपीय वळणाच्या गाड्यांत तेरा, त्यामुळे मित्राच्या गाडीवर बेतलेली पिशवी आपल्या गाडीला चालेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

दहाचा रिंग पाना (बंद कड्याच्या तोंडाचा) आणि पाचची एलन चावी एवढ्यावर काम भागले असते. पण एलन चावीची वाकडी टांग पिशवीत कशीही ठेवली तरी टोचत राहते, आणि सीट व चौकटीच्या बेचक्यात तिला फिरायला जागाही मिळत नाही. यावर उपाय सापडला तो एलन बिटांमध्ये. यांतल्या एका प्रकाराचा मागचा दांडा दहा मिलिमीटरचा षटकोनी असतो आणि पुढचे टोक हव्या त्या मापाचे. म्हणजे दहाच्या रिंगमध्ये हा तीन सेंटिमीटरचा तुकडा बसवला की तोच पाना एलनचेही काम करतो, आणि तुकडा बाजूला काढला की पुन्हा साधा दहा नंबर होतो. गाडीच्या बॅटरीचे टर्मिनलही दहाचेच निघाले, तेव्हा मला झालेला आनंद घरात कोणालाच समजावून सांगता आला नाही.

पाना मी पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या त्या बाजारात ताडपत्रीवर पान्यांचे ढीग पडलेले असतात, आणि विकणारा ‘कोणताही उचला’ म्हणतो. पण कोणताही उचलू नये. खिशात एक नवा बोल्ट घेऊन जावे, पान्याची रिंग त्यावर चढवून हलवून पाहावी, आणि रिंगच्या आतले कोपरे बोटाने चाचपावेत. कोपरे गुळगुळीत लागले तर तो पाना बोल्टचे डोके गोल करून ठेवणार हे नक्की. दांडीवर ‘क्रोम व्हेनेडियम’ अशी, चिवट मिश्र पोलाद सांगणारी ठळक अक्षरे असली तर बरे, पण निर्णय बोटाचा.

लांब दांडी पिशवीत मावेना, म्हणून खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याच्या ग्राइंडरवर ती कापून घेतली. कापताना ती सतत पाण्यात बुडवावी लागते, कारण लोखंड तापून निळे पडले की हत्याराचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते. किती कापायची हा हिशेब मात्र आधी करावा. सहाच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटरचा आवळ पुरतो, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकावर सुमारे दहा किलोचा जोर, आणि तो मनगटाला सहज जमतो. दांडी सातवर आणली तर तोच जोर चौदा किलोंच्या पुढे जातो, आणि बोल्ट गंजलेला असेल तर त्याहूनही वर. मी अकरावर थांबलो.

उरलेल्या वस्तू किरकोळ आहेत. पंक्चरवाल्याने फुकट दिलेल्या ट्यूबच्या पट्टीत सगळे गुंडाळले की खडखडाट होत नाही, आणि ओल्या हाताने पाना निसटायला लागला तर तीच पट्टी मुठीला मिळते. दोन फ्यूज, एक दहा अँपिअरचा लाल आणि एक पंधराचा निळा. साइड पॅनेलचा स्क्रू पाव वेढ्यात सुटतो आणि त्याच्या खाचेत नाणे बसते. पण मोबाइलवरून पैसे द्यायला लागल्यापासून खिशात नाणेच नसते, म्हणून एक रुपया पिशवीतच शिवून टाकला होता.

हे सगळे घेऊन एका सकाळी घरच्या पार्किंगमध्ये, दुसऱ्या कशालाही हात न लावता, सीट काढून परत बसवून पाहिली. बोल्ट हेल्मेटमध्ये ठेवले की हरवत नाहीत. सीटची पुढची जीभ टाकीमागच्या पट्टीत अडकलेली असते, म्हणून सीट सरळ वर न उचलता आधी मागे ओढावी लागते. बसवताना आधी जीभ, मग बोल्ट, आणि बोल्टचे पहिले दोन-तीन आटे बोटांनीच, कारण पान्याने सुरुवात केली आणि बोल्ट तिरका गेला तर आटेच जातात.

ही गुंडाळी ठेवायची कुठे, हा प्रश्न उरला होता. सीटखाली नाही, हे उघड आहे. सध्या ती साइड पॅनेलच्या आत, चौकटीच्या नळीला बांधलेली असते. फक्त तो रुपया चावीच्या जुडग्यातल्या छोट्या पाकिटात हलवावा लागला, कारण पॅनेल उघडणारे नाणे पॅनेलमागे ठेवणे म्हणजे कंपनीचाच कित्ता गिरवणे झाले असते. एका मित्राने दोन्ही बोल्ट काढून हाताने फिरणारे नॉब लावायला सुचवले होते. मी एकच लावला. दुसरीकडे एलन तसाच ठेवला आहे, कारण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून मागच्या वर्षी दोन बॅटऱ्या गेल्या.