उत्तर समुद्र ते अटलांटिक, पाणबुडीतून

जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन बंदराच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा साल होतं १९३९ आणि हाताशी होती टाइप ७बी जातीची जर्मन पाणबुडी. ‘सायलेंट हंटर ३’ हा २००५ सालचा कॉम्प्युटर गेम. त्यात युद्ध आहेच, पण त्याहून जास्त प्रवास आहे, आणि मला तो आवडतो तो त्यासाठीच. पाण्यावर दहा नॉटनं, म्हणजे ताशी दहा सागरी मैलांनी, चाललं तर दिवसाला २४० सागरी मैल होतात. अटलांटिकच्या नकाशावर हे अंतर नखाएवढं दिसतं.

वेळ १०२४ पटीनं पळवायची सोय आहे. ती वापरली की बंदर आणि शिकार यांच्या मधला समुद्र गायब होतो. उत्तर समुद्रातला डॉगर बँक हा उथळ भाग ओलांडल्यावर हवा बिघडली, तेव्हा मी घड्याळ पुन्हा मूळ गतीवर आणलं आणि वर टॉवरवर जाऊन उभा राहिलो. रेनकोट घातलेले टेहळे दुर्बिणी डोळ्यांना लावून आपापली दिशा बघत होते. पाणबुडीचं नाक लाटेत घुसायचं, निथळत वर यायचं, पुन्हा घुसायचं. बाकी काहीच घडत नव्हतं. मला तिथून हलावंसं वाटेना.

मग स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं. त्यांच्या मधोमध स्कापा फ्लो, ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ. १४ ऑक्टोबर १९३९ला मध्यरात्र उलटल्यावर जर्मन कप्तान ग्युंथर प्रीननं यू-४७ ही पाणबुडी इथे आत नेली, तीही पाण्यावरून. पूर्वेच्या कर्क साउंडमध्ये वाट अडवायला जुनी जहाजं मुद्दाम बुडवून ठेवली होती; भरतीच्या पाण्यावर तो त्यांच्या फटीतून गेला. आकाशात ध्रुवीय प्रकाश पसरला होता. ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडाली, आठशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यांत शंभरावर तर अठरा वर्षांच्या आतली पोरं होती. त्यानंतर चर्चिलनं पूर्वेकडच्या खाड्या बांध घालून बंद करवल्या. त्या कामावर इटालियन युद्धकैदीही होते. आज त्या बांधांवरून मोटारी जातात. प्रीनची वाट आता उरलेली नाही, म्हणून तिथल्या पाण्यात शिरताना मला फार अप्रूप वाटलं.

मी दक्षिणेकडून गेलो, पाण्याखालून, दोन नॉटनं. पेरिस्कोप काही सेकंद वर, लगेच खाली. एकदा वर काढला तर समोर नांगरलेलं जहाज, मागे बेटाचा काळा उंचवटा. नळ्यांत टॉर्पेडो तयार होते. सोडले नाहीत. ‘रॉयल ओक’चं सगळं ठाऊक असताना मला तिथे नुसतं बघायचं होतं.

१९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि तळ फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या लोरियांला हलला. अटलांटिक एकदम जवळ आला. मला विचाराल तर या गेमचा सगळा जीव इथून पुढच्या ऐकण्यात आहे. खाली बुडी मारायची, इंजिन बंद करायचं आणि हायड्रोफोनचं, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्राचं, चाक स्वतःच्या हातानं हळूहळू फिरवायचं. आधी नुसती खरखर. मग एका कोनात जड, सावकाश ठोके: व्यापारी जहाजाचा पंखा. शेजारच्या अंशावर दुसरं, त्याच्या पलीकडे तिसरं. आणि त्यांच्या अवतीभवती विनाशिकेची बारीक, घाईची घरघर. आवाज आला त्या दिशेची रेघ नकाशावर ओढायची, अर्ध्या तासानं पुन्हा ऐकून दुसरी ओढायची. ताफा दिसण्याच्या कितीतरी आधी तो कुठे निघालाय याचा अंदाज कागदावर उभा राहतो. तो क्षण मला कुठल्याही स्फोटापेक्षा मोठा वाटतो.

हल्ला रात्री, पाण्यावरूनच. पाणबुडी पाण्यात इतकी बसकी दिसते की अंधारात सापडत नाही, आणि विनाशिकेचं अ‍ॅस्डिक ध्वनिलहरी सोडून पाण्याखालचं शोधतं, वर तरंगणारं नाही. नऊशे मीटरवरून विजेवर चालणारा टॉर्पेडो सोडला. तीस नॉटनं त्याला जेमतेम एक मिनिट लागतं. स्टॉपवॉचचा काटा फिरत असतो आणि काहीही करता येत नाही.

मग पाठलाग. दीडशे मीटरवर आत सगळे कुजबुजत बोलायला लागले. अ‍ॅस्डिकचा टणत्कार जवळ येत गेला. विनाशिका अगदी डोक्यावर आली की तिच्या अ‍ॅस्डिकला खालचं सापडेनासं होतं, आणि तिनं टाकलेला डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा बॉम्ब, एवढ्या खोल पोचायला पाऊण मिनिट तरी घेतो. सुटायला वेळ मिळतो तो एवढाच: पूर्ण वेग, सुकाणू एका अंगाला. स्फोट सुरू झाले की त्या गदारोळात आपला आवाज बुडतो. गदारोळ थांबायच्या आत पुन्हा चिडीचूप व्हायचं.

वर आलो तेव्हा जहाजाचं नाव आणि टनभार नोंदवहीत आला होता. माणसं मात्र कुठेच नव्हती. या गेममध्ये मला हीच एक गोष्ट सलते. १७ सप्टेंबर १९४०ला यू-४८नं याच महासागरात ‘सिटी ऑफ बनारस’ बुडवलं. बॉम्बहल्ल्यांपासून दूर कॅनडाला पाठवलेली ९० मुलं त्यावर होती, ७७ गेली. खलाशांत बरेच हिंदी लास्कर होते. बारा नंबरची होडी ४६ जणांना घेऊन आठ दिवस भरकटली. त्यांत सहा मुलगे होते आणि बहुतेक बाकीचे लास्करच. एका विमानाला ती दिसली आणि ‘अँथनी’ या विनाशिकेनं त्यांना उचललं. हे कळल्यापासून गेममध्ये एखादं जहाज बुडालं की मी लगेच वेळ पळवत नाही. गेम होड्या दाखवत नसला तरी मी तो समुद्र थोडा वेळ बघतो.

पुढचा बेत जिब्राल्टरचा. तिथे पृष्ठभागाजवळचा प्रवाह अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात वाहतो. इंजिन बंद ठेवून त्याच्याबरोबर आत वाहत जाता येतं. खोलवरचा प्रवाह उलटा, बाहेर वाहणारा. तरी १९४१पासून आत गेलेल्या जर्मन पाणबुड्यांपैकी एकही पुन्हा अटलांटिकमध्ये आली नाही. ती सामुद्रधुनी मी मूळ गतीनंच पार करणार आहे, सुट्टीचा एक अख्खा दिवस काढून.