आईचा व्हॉल्व्ह आणि रूआँचे डॉक्टर क्रिबिए

छाती न उघडता हृदयातला व्हॉल्व्ह बदलता येतो, हे आईचं दुखणं निघेपर्यंत मला माहीत नव्हतं. त्या उपचाराला टावी म्हणतात. आमच्याकडे तो झाल्यापासून ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात, कुणाच्या वडिलांना, कुणाच्या सासूबाईंना हेच निदान झालेलं असतं. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. भोसरीला टूलरूममध्ये काम करतो, डाय आणि फिक्स्चर बनवतो. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात माझं लक्ष मापांकडे जास्त गेलं, आणि ज्या माणसांनी ही मापं पहिल्यांदा घेतली त्यांच्याकडे.

आई एकोणऐंशीची. कोरेगावजवळच्या गावात राहते. काही वर्षांपूर्वीपर्यंत दिंडीबरोबर पायी वारी करणारी बाई, पण गेल्या वर्षी तिला माडीचा जिना चढवेना. मग भाकऱ्या थापताना मधेच टेकायला लागली. आम्ही म्हटलं रक्त कमी असेल. एकदा परसात धुणं वाळत घालताना चक्कर येऊन पडली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "मावशी, हा आवाज बरा नाही. साताऱ्याला जाऊन एको करून या."

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्यात निघालं ते असं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सगळ्या शरीराला रक्त जातं ते महाधमनीच्या व्हॉल्व्हमधून. निरोगी माणसात त्याचं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतं. आईचं 0.6 उघडत होतं. वयामुळे झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या झालेल्या. एवढ्याशा फटीतून रक्त ढकलायला हृदयाला किती जोर लागतो ते ग्रेडियंट नावाच्या आकड्यावरून कळतं. तो 40 च्या वर गेला की आजार तीव्र मानतात. आईचा 52 होता. हे कॅल्शियम विरघळवणारी गोळी जगात कुठेच नाही. आणि दम, छातीत दुखणं किंवा चक्कर यांपैकी काही सुरू झालं की हातात वेळ थोडा असतो.

पहिल्यांदा ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी रिपोर्ट बघून पाण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. "वय झालंय त्यांचं. आता जपायचं," म्हणाले. मोठे मामाही तेच म्हणाले, "ताईचं सगळं करून झालंय. आता कशाला तिला कापाकापीत घालता?" मामांचं मी समजू शकतो, ते बहिणीच्या काळजीनेच बोलत होते. पण डॉक्टरांनी टावी हा शब्दसुद्धा उच्चारला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. तो शब्द मला कळला पुतणीकडून. ती नर्सिंगला आहे.

त्या रात्रीपासून मी वाचत सुटलो, आणि अलँ क्रिबिए या माणसापाशी येऊन थांबलो.

फ्रान्समध्ये नॉर्मंडीत रूआँ नावाचं शहर आहे. क्रिबिए तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ होते, कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून आत सरकवलेल्या बारीक नळीने, उपचार करणारे. ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे आईसारखेच रुग्ण यायचे. व्हॉल्व्ह निकामी झालेला, पण वय जास्त म्हणून सर्जन हात लावायला तयार नाहीत. सप्टेंबर 1985 मध्ये अशाच एका 72 वर्षांच्या बाईंच्या व्हॉल्व्हमध्ये त्यांनी मांडीच्या धमनीतून फुगा नेला आणि फुगवून तो अरुंद व्हॉल्व्ह ताणला. बाईंना लगेच बरं वाटलं. ही पद्धत जगभर पसरली, पण वर्षाच्या आत बहुतेकांचे व्हॉल्व्ह पुन्हा आवळायचे.

इथे बरेच जण थांबले. क्रिबिए थांबले नाहीत. फुगा काढल्यावर व्हॉल्व्ह मिटतो, तर त्याला आतून उघडं धरून ठेवणारी जाळी बसवावी आणि जाळीतच नवा व्हॉल्व्ह शिवावा, असं त्यांच्या मनात आलं. तज्ज्ञांनी हे अशक्य ठरवलं. त्यांची कारणं ऐकली तर पटण्यासारखीच होती: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं त्या जागेपासून काही मिलिमीटरवर, खाली दुसरी झडप, शेजारून हृदयाच्या ठोक्यांची विद्युतवाहिनी जाते. शिवाय धडधडत्या हृदयात नुसती दाबून बसवलेली वस्तू टिकणार कशी?

यावर त्यांनी जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. 1993-94 च्या सुमारास शवविच्छेदनात मिळालेल्या, कॅल्शियमने कडक झालेल्या व्हॉल्व्हांमध्ये त्यांनी साधा धातूचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, फुगवून बसवला आणि ओढून पाहिला. तो निघायला सुमारे दोन किलोंचा जोर लागला. जे कॅल्शियम आजाराचं कारण, त्यानेच जाळी घट्ट पकडून ठेवली होती. मग त्यांनी जागा मोजली आणि जाळीची उंची 14 ते 16 मिलिमीटर ठेवली तर वरची धमन्यांची तोंडं झाकली जात नाहीत आणि खालच्या झडपेलाही धक्का लागत नाही, हे काढलं. आमच्या कामात याला फिट तपासणं म्हणतात. कागदावर कितीही वाद घाला, जॉब बसवून ओढून बघितल्याशिवाय काही कळत नाही.

त्यांच्याही आधी डेन्मार्कमध्ये हेनिंग रूड अँडरसन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला हीच कल्पना सुचली होती. 1989 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात एक व्याख्यान ऐकून आल्यावर त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून तार आणली, खाटकाकडून डुकरांची हृदयं आणली आणि स्वतःच्या हाताने तार वाकवून व्हॉल्व्ह बनवला. 1 मे 1989 रोजी तो एका डुकराच्या हृदयात बसवलाही. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला; तो छापून यायला 1992 उजाडलं.

क्रिबिएंनाही कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी 1999 मध्ये त्यांनी काही जणांबरोबर स्वतःच छोटी कंपनी काढली. इस्रायलमधल्या अभियंत्यांनी व्हॉल्व्ह घडवला, मेंढ्यांवर चाचण्या झाल्या. 16 एप्रिल 2002 रोजी रूआँमध्ये 57 वर्षांच्या एका माणसात तो पहिल्यांदा बसवला गेला. त्याचं हृदय जवळजवळ थांबायला आलेलं, सर्जननी नाकारलेलं, मांडीच्या धमन्या बंद. म्हणून शिरेतून उजव्या बाजूने शिरून, हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पाडून, फिरून यावं लागलं. व्हॉल्व्ह बसला आणि चालला. तो रुग्ण काही महिन्यांनी गेला, पण दुसऱ्या कारणाने. व्हॉल्व्हने दगा दिला नव्हता.

एवढं वाचून मी मामांना फोन केला आणि सांगितलं, आपण पुण्याला दुसरं मत घेतोय.

पुण्यात पद्धतच वेगळी. कॅथेटरवाले डॉक्टर, हृदयाचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून आईला तपासलं. सर्जननी स्पष्ट सांगितलं की किडनी आणि फुप्फुसं बघता छाती उघडण्यात धोका जास्त आहे, टावीच करा. सर्जनच्या तोंडून हे ऐकणं फार महत्त्वाचं. कुणालाही हा उपचार सुचवला गेला तर कॅथेटरवाले डॉक्टर आणि सर्जन, दोघांचंही मत मागा.

मग तपासण्या. अँजिओग्राफी, रक्त, मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी. दातांचीही तपासणी झाली, आणि आईची किडलेली दाढ आधी काढावी लागली, कारण तोंडातला जंतुसंसर्ग नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतो. पण सगळा खेळ सीटी स्कॅनचा. त्याच्यावरून व्हॉल्व्ह बसणाऱ्या कड्याचं माप निघतं आणि मांडीपासून वरपर्यंतची धमनी नळी जाण्याइतकी रुंद आहे का ते दिसतं. डॉक्टरांनी मला संगणकावर ते कडं दाखवलं. गोल नसतं ते, लंबगोल असतं; म्हणून व्यास घेऊन चालत नाही, परीघ आणि क्षेत्रफळ दोन्ही मोजतात. व्हॉल्व्ह लहान पडला तर कडेने रक्त गळतं किंवा तो निसटतो, मोठा पडला तर कडं फाटू शकतं. आईचं माप 23 आणि 26 च्या मधोमध आलं. वापीला मेरिल कंपनी मायव्हॅल नावाचा व्हॉल्व्ह बनवते, त्याला आपल्याकडे 2018 मध्ये परवानगी मिळाली. त्यात 24.5 मिलिमीटरचंही माप मिळतं. तेच ठरलं. दीड दीड मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मापं ठेवणाऱ्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक वाटलं.

पाकळ्या कशाच्या असतात हे आईने स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गाईगुरांच्या हृदयाभोवतीचं पातळ आवरण, रसायनात मुरवून टिकाऊ केलेलं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, दुसरा कसला मिळतो का? मिळतो, पण तो डुकराच्या आवरणाचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती बराच वेळ माळेशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "गाईला आपण मायच म्हणतो. लेकराला माय देतेच. घाला." तिच्यावर कुणी जोर केला नाही, निर्णय तिचा होता. ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल त्यांनी तो ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्यावा, रुग्णापासून लपवू नये.

पैशाचं सांगायचं तर एकूण अंदाज पंधरा लाखांच्या पुढे गेला, त्यात मोठा वाटा एकट्या व्हॉल्व्हचा. मेडिक्लेम पाच लाखांचा. कॅशलेसची फाइल गेल्यावर विमा कंपनीने उलट प्रश्न पाठवला, ओपन सर्जरी का नाही? सर्जनच्या सहीचं पत्र, एको, सीटी पुन्हा सगळं जोडून पाठवलं तेव्हा मंजुरी आली, आणि त्यात ठरलेली तारीख हुकली. ते पत्र पहिल्याच दिवशी फाइलला लावून द्या. उरलेल्या रकमेसाठी मी एफडी मोडली, धाकट्या भावाने पतसंस्थेतून कर्ज काढलं. हे प्रत्येकाला जमणार नाही, आणि तीच गोष्ट मनाला लागून राहते. उपचार गावापर्यंत पोचलाय म्हणायचं आणि तो परवडू नये.

प्रत्यक्ष काम दीड-दोन तासांत झालं. आईला पूर्ण भूल दिली नाही, जांघेत बधिर करून गुंगी आणली होती. नंतर डॉक्टरांनी मला कॅथलॅबमधली चित्रफीत दाखवली. व्हॉल्व्ह मिटलेल्या छत्रीसारखा फुग्यावर आवळून वर नेतात. मग काही सेकंदांसाठी पेसिंगच्या, म्हणजे हृदयाला विजेचे हलके धक्के देणाऱ्या, तारेने हृदयाचे ठोके मिनिटाला 180 च्या पुढे नेतात. इतक्या वेगात हृदय फडफडतं, पण रक्त ढकलत नाही. त्यामुळे फुगा फुगताना प्रवाहाने ढकलला जात नाही. त्या काही सेकंदांत व्हॉल्व्ह उघडून बसतो, जुन्या पाकळ्या कडेला दाबल्या जातात. पडद्यावर दाबाच्या दोन रेषा होत्या, एक हृदयाच्या कप्प्यातली, एक महाधमनीतली. आधी दोन्हींची शिखरं एकमेकींपासून लांब. व्हॉल्व्ह बसल्यावर त्या जवळजवळ एकमेकींवर आल्या. 52 चा आकडा 8 वर आला. मी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली.

नळ्यांचं माप फ्रेंच या एककात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. क्रिबिएंच्या पहिल्या व्हॉल्व्हला 24 फ्रेंचची, म्हणजे आठ मिलिमीटरची नळी लागली होती. आईच्या जांघेत 14 फ्रेंचची गेली, पाच मिलिमीटरलाही कमी. म्हातारपणी धमन्या बारीक आणि कडक होतात, तिथे या तीन मिलिमीटरवर माणसाचं जगणं-मरणं ठरतं.

नंतरची काळजी ठोक्यांची. विद्युतवाहिनी व्हॉल्व्हला लागूनच असल्याने ती दबू शकते आणि काहींना कायमचा पेसमेकर लागतो. आईच्या ईसीजीत बदल दिसला, म्हणून तात्पुरती तार ठेवून तिला आयसीयूत जास्त थांबवलं. पेसमेकर लागला नाही. पण ही शक्यता, पक्षाघाताची आणि जांघेतून रक्तस्रावाची शक्यता, सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मामा भेटायला आले तेव्हा मी त्यांना पार्टनर नावाच्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे सांगितले. 2010 मध्ये ते आले. ज्यांना ओपन सर्जरी झेपणार नाही अशा रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ठेवलेले निम्मे वर्षभरात गेले. टावी झालेल्यांत हे प्रमाण सुमारे 31 टक्के. मामा काही बोलले नाहीत, आईच्या उशाशी बसून राहिले.

क्रिबिए फेब्रुवारी 2024 मध्ये गेले. त्यांचा उपचार आता केवळ नाकारलेल्या रुग्णांपुरता राहिलेला नाही; अमेरिकेत 2019 पासून कमी धोक्याच्या रुग्णांनाही त्याची परवानगी आहे.

आई आता माडी चढते. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, एको ठरलेल्या वेळी, आणि दाताचं कुठलंही काम करण्याआधी अँटिबायोटिक. व्हॉल्व्हचं कार्ड मिळतं, त्यावर माप आणि क्रमांक असतो; त्याचा फोटो आम्हा भावंडांच्या मोबाइलमध्ये आहे. हा व्हॉल्व्ह किती वर्षं टिकेल, असं मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, दहा वर्षं तरी धरून चाला, आणि खराब झालाच तर याच्याच आत दुसरा बसवता येतो. तेव्हा आई नव्वदीला टेकलेली असेल. मी पतसंस्थेत आतापासूनच वेगळं खातं उघडलंय.